अक्षर नाही, मग वाचायचं काय?

मांडीवरची पुस्तकं : भाग 7

“एवढे पैसे मोजायचे आणि आत एक अक्षर नाही! मग वाचायचं काय?” बिनशब्दांचं चित्रपुस्तक दाखवलं की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. घरभाडं, शाळेची फी, रिक्षावाल्या काकांचे पैसे असा सगळा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या घरात पुस्तक घ्यायचं तर त्यातून पोराला चार अक्षरं यावीत, एवढी अपेक्षा असणारच.

मागच्या भागात आपण यमकांच्या, तालावरच्या पुस्तकांबद्दल बोललो. तिथे छापलेली ओळ म्हणत गेलं की निम्मं काम होतं. आजच्या पुस्तकांत ती ओळच नसते. चित्रामागून चित्र येतं, गोष्ट पुढे सरकते आणि बोलायचं सगळं काम आपल्या गळ्यात पडतं. माझ्या मते या पुस्तकांचा खरा फायदा तोच. ती मुलाच्याही आधी घरातल्या मोठ्यांना बोलतं करतात.

चित्रं दाखवत तोंडाने गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्ट्या कागदांवर रंगवलेले असतात. कलाकार एकेक कागद समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर कथा गात, बोलत उलगडतो. कथेचे शब्द त्याच्या तोंडी असतात, कागदावर फक्त चित्र. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला. तिच्यासाठी आयुष्य वेचणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. शब्द नसलेल्या चित्रांवरून रात्र जागवणारी माणसं ज्या मुलखात होऊन गेली, तिथल्या लोकांना अशा पुस्तकाचं दडपण वाटायचं कारण नाही.

आणि त्या मुलखातली कितीतरी घरं आज वागळे इस्टेटमध्ये आहेत. एमआयडीसीची स्थापना 1962 सालची, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. कारखान्यांमागून माणसं आली. कोणी कोकणातून, कोणी सातारा-सांगलीकडून, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेशातून. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, सावरकरनगर भरत गेलं. बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता आयटी पार्क उभे राहिले, तरी घरातल्या बोली टिकून आहेत. चाळीच्या एका मजल्यावर मालवणी, घाटावरची मराठी आणि भोजपुरी शेजारी शेजारी नांदतात. मूल मात्र इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातं. आई-बाबा कामावर, त्यामुळे उरलेला दिवस मूल असतं आजीजवळ. पुस्तक इंग्रजी असलं की आजी ते लांबूनच बघते. मराठी असलं तरी पुस्तकी भाषेत वाचताना कित्येक आज्या अडखळतात आणि “आई आली की वाचून दाखवेल हां,” म्हणून मोकळ्या होतात. म्हणजे मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच पुस्तकापासून दूर राहतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये आहे. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून तिथे अंगणवाडी उभी राहिली. बिनशब्दांचं पुस्तक भाषेच्या बाबतीत हेच करतं. ते ज्या घरात जाईल त्या घरची बोली बोलतं.

आता एक पुस्तक जवळून पाहू. मर्सर मेयर या अमेरिकी चित्रकाराचं 1969 सालचं, हरवलेल्या बेडकाचं पुस्तक. एक मुलगा, त्याचा कुत्रा आणि काचेच्या बरणीत ठेवलेला बेडूक. रात्री दोघं झोपल्यावर बेडूक बरणीतून पसार होतो. सकाळी शोधाशोध सुरू. मुलगा बूट उलटा करून बघतो, कुत्रा बरणीत डोकं घालतो आणि ते तिथेच अडकतं. पुढे मधमाश्यांचं पोळं, घुबड, हरीण अशा भानगडी करत दोघं एका तळ्यात पडतात.

हे पुस्तक भाषेच्या अभ्यासकांनी जगभर वापरलं. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांना व मोठ्यांना हीच चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली. त्यांचा ग्रंथ 1994 साली आला. भाषा कुठलीही असो, तीन वर्षांची मुलं बहुतेक करून एकेका चित्राबद्दल सुटं सुटं बोलतात. पाचाच्या सुमारास चित्रं एकमेकांना जोडली जाऊ लागतात. नऊ वर्षांचं मूल सगळे प्रसंग एका धाग्यात ओवतं, की हे सगळं बेडूक शोधण्यासाठी चाललंय. मराठीत बोलायचं तर आधी येतं “कुत्रा. बरणी.” मग “कुत्र्याचं डोकं अडकलं.” आणि पुढे कधीतरी “बेडूक आत आहे का बघायला गेला, म्हणून कुत्र्याचं डोकं अडकलं.” हे ‘म्हणून’, ‘तोपर्यंत’, ‘शोधता शोधता’ पाठ करून येत नाही. सांगण्यासारखी गोष्ट असावी लागते आणि ऐकणारं माणूस समोर असावं लागतं.

समजा, मालवणी बोलणारी आजी साडेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन बरणीच्या पानावर आली आहे.

“ह्यो कुत्रो काय करता?”

“तोंड घातलं.”

“बरणीत तोंड घातल्यान. कित्याक?”

नातू गप्प. आजीही गप्प. त्याचं बोट चित्रावर फिरतं, रिकाम्या बरणीवर थांबतं.

“बेडूक बघतोय.”

“हां, बेडूक आत आसा काय तां बघता!”

आजीने इथे चार कामं केली. नातवाचं अर्धं वाक्य पूर्ण करून त्याच्या पदरात टाकलं. कारण विचारलं. त्याच्या मराठीला नावं न ठेवता आपल्या बोलीत उत्तर दिलं. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे ती मधे गप्प बसली. लहान मुलाला मनात वाक्य जुळवायला वेळ लागतो. आपल्याला तेवढा धीर नसतो, आपण लगेच उत्तर सांगून टाकतो. मनात पाच आकडे मोजावेत आणि मगच तोंड उघडावं.

याच पानाची तोंडी परीक्षाही घेता येते. हे काय आहे? कुत्रा. इंग्लिशमध्ये सांग. पाय किती? रंग कोणता? मूल उत्तरं देतं, आपल्याला बरं वाटतं, आणि बेडूक बिचारा पळालेलाच राहतो. अशा प्रश्नांना एका शब्दात उत्तर पुरतं, म्हणून मूल एकाच शब्दात बोलतं. “आता काय होईल?”, “तो असा का बघतोय?”, “तू असतास तर काय केलं असतंस?” या प्रश्नांना वाक्यच लागतं.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना चित्रपुस्तक दाखवताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं बोलणं वाढवून परत द्यायला शिकवलं. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे वाचलं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये सहा ते साडेआठ महिन्यांनी पुढे दिसली. वाचनाचा वेळ फारसा वेगळा नव्हता, रीत वेगळी होती. पुढे कोलंबियातल्या बोगोटा शहरात बालवाडीत झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की शब्द असलेल्या पुस्तकापेक्षा बिनशब्दांच्या पुस्तकावर मुलं जास्त बोलतात. कारण उघड आहे. छापील ओळ संपवायची घाई शिक्षकांना नसते.

मात्र चित्र आपोआप कळतं, असं धरून चालू नये. पहिल्या पानावरचा मुलगा आणि दुसऱ्या पानावरचा मुलगा एकच, हे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला सांगावं लागतं. ते “दोन मुलगे” म्हणालं तर ती चूक नव्हे, त्याला तेवढे दिसलेच. पान डावीकडून उजवीकडे वाचायचं, पळतानाच्या रेघा म्हणजे वेग, हे संकेत सवयीने उमगतात. कोरियाच्या सूझी ली या चित्रकर्तीचं 2008 सालचं लाटेचं पुस्तक बघा. डाव्या पानावर मुलगी आणि तिच्याबरोबरचे पाच समुद्रपक्षी, उजव्या पानावर निळा समुद्र. दोन पानांमधली शिवण हीच जणू हद्द. मुलगी हद्दीअलीकडून लाटेला भेडसावते, पक्षीही तिची नक्कल करतात. मग ती हद्द ओलांडते, आणि शेवटी लाटही. लहान मुलाला शिवणीचं गणित कळलं नाही तरी बिघडत नाही. पण चौथ्या-पाचव्या वाचनाला त्याचं लक्ष पक्ष्यांकडे जातं, आणि आपण ते तोवर पाहिलेलेच नसतात. म्हणून तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. सूझी ली यांना 2022 साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. अक्षराला आवाज असतो, ओळ डावीकडून सरकते, लिहिलेली भाषा बोलण्याहून थोडी निराळी असते, हे मुलाला शब्दांच्या पुस्तकांतूनच कळणार. तेव्हा घरात दोन्ही हवीत. बिनशब्दांचं पुस्तक नुसतं हातात देऊन “तू बघत बस” म्हटलं, तर फायदा निम्म्यावर येतो.

पुस्तकं मिळवायची कुठून? ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ चित्रांवर बोलत बसण्यासाठीच आहे. प्रथम बुक्सच्या 2015 साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात गप्पांसाठी पानभर चित्रं असतात. वरच्या वर्गात गेलेल्या दादा-ताईचं पुस्तक रद्दीत घालण्याआधी ती पानं बघा. 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा जवळच्या वाचनालयात अशा पुस्तकांची मागणी नोंदवा. मागणी दिसल्याशिवाय वाचनालयं ती घेणार नाहीत.

आणि काहीच नाही मिळालं तर मोबाइल आहेच. या आठवड्याचा घरचा अभ्यास तोच. घरात भाकरी होते तिचे आठ फोटो काढा. परातीत पीठ, पाणी, मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, उलटणं, फुगणं आणि ताटात वाढणं. दोन-तीन फोटोंत एखादी गंमत येऊ द्या, म्हणजे खिडकीत मांजर, ओट्यावर पडलेला चेंडू, पिठाचे हात लागलेलं नाक. झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या, मधे दोन पिना मारा. त्यावर काहीही लिहू नका. एकदा आजीने सांगावं, एकदा बाबांनी, एकदा शेजारच्या काकूंनी त्यांच्या भाषेत, आणि मग मुलाने. मुलाने गोष्ट भलतीकडे नेली, भाकरी मांजराने पळवली म्हणालं, तर पळवू द्या आणि विचारा, “मग आपण जेवलो काय?”

पुढच्या भागात : मूल पुस्तक फाडतं, चावतं, उलटं धरतं. अशा वयात पुस्तक हाती द्यावं की नाही?