ओळ क्रमांक २२३८

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत. १९७० च्या दशकात बेल लॅब्जची ‘युनिक्स’ तिथे पोहोचली, तीही मूळ कोडसकट. तिचा गाभा सुमारे नऊ हजार ओळींचा. आजच्या लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपुढे किरकोळच, पण दुसऱ्यानं लिहिलेल्या नऊ हजार ओळी वाचून त्यांची रचना उमगणं म्हणजे घाम काढणारं काम.

लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत नुसता कोड, ओळीओळीला क्रमांक घातलेला. दुसरीत त्यावरचं भाष्य. दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. खरी हुशारी क्रमात होती. फायली त्यांनी विषयवार लावल्या : आधी यंत्रणा सुरू कशी होते आणि एकाच वेळी अनेक कामं कशी सांभाळते ते, फाइलींची व्यवस्था नंतर. कुठून आत शिरायचं हे कळलं की निम्मी भीती जाते.

पुढे युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानं हा कोड वर्गात शिकवायलाच मनाई केली. मग प्रतींच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरत राहिल्या; रीतसर पुस्तक निघालं ते १९९६ मध्ये.

या कोडमधली २२३८ वी ओळ जगभरच्या प्रोग्रॅमरांना ठाऊक आहे. एक काम थांबवून दुसऱ्याकडे वळण्याच्या गुंतागुंतीच्या जागी शेरा आहे : हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. अनेकांना तो उद्धटपणा वाटला. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला, की ‘हे परीक्षेला येणार नाही’ एवढंच म्हणायचं होतं. शिवाय तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं, अशी कबुलीही देऊन टाकली! काम बदलण्याची ती युक्ती पीडीपी-११ यंत्रावर बिनबोभाट चालायची, कारण तिथला कंपायलर प्रत्येक फंक्शनची अवस्था एकाच ठरावीक पद्धतीनं जपून ठेवायचा. युनिक्स इंटरडेटा यंत्रावर न्यायला घेतली तेव्हा तिथला कंपायलर तसं करत नव्हता, आणि युक्ती कोलमडली.

कोड यंत्राला काय करायचं ते सांगतो. तो कशाच्या भरवशावर उभा आहे, हे त्यात लिहिलेलं नसतं. प्रोग्रॅमर मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये यावर साधा उपाय सुचवला : रचनेचा प्रत्येक महत्त्वाचा निर्णय पान-दोन पानांत टिपून कोडशेजारीच ठेवायचा. परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय, एवढंच. निर्णय फिरला तरी जुनी नोंद खोडायची नाही. तिच्या जागी कोणती नोंद आली तेवढं लिहून ठेवायचं. मोठमोठ्या आकृत्यांपेक्षा ही टिपणं टिकाऊ ठरतात, कारण आकृती अद्ययावत ठेवायला सहसा कुणी मागे उरत नाही.

अर्थात त्या २२३८ व्या ओळीला असं टिपणही तारू शकलं नसतं. आपण काय गृहीत धरलंय, हे लिहिणाऱ्यांनाच दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर कळलं. सातव्या आवृत्तीत युनिक्सचे दुसरे कर्ते केन थॉम्पसन आणि रिची यांनी तो भाग नव्यानं लिहिला.