त्रापानीची मिठागरं: पाणी पुढे कधी सोडायचं

सिसिलीच्या पश्चिम टोकावरच्या त्रापानी बंदरात उतरणारे प्रवासी बहुधा फाविन्यानाची बोट पकडतात, नाहीतर केबल कारने साडेसातशे मीटर उंचीवरच्या एरिचेला जातात. गावात थांबलेच तर जुन्या शहराच्या पार टोकाला १६७१ सालचा तोर्रे दी लिन्यी हा बुरूज आहे, आणि माशाच्या रश्श्यातला कुस्कुस आहे. तो जरूर खावा. पण हे बंदर कशावर जगलं ते पाहायचं असेल, तर शहराकडे पाठ करून दक्षिणेला नूबियाच्या रस्त्याला लागावं. तिथून पुढे मार्सालापर्यंत किनाऱ्याने मिठागरंच मिठागरं आहेत.

सिसिलीच्या राजासाठी अल्-इद्रिसीने ११५४ मध्ये भूगोलाचा ग्रंथ पुरा केला, त्यातही त्रापानीच्या मिठागरांची नोंद आहे. समोरच्या बेटांवर पकडलेला ट्यूना याच मिठात खारवला जायचा. बंदरातून जहाजं भरभरून मीठ उत्तर युरोपात जायचं, तिथल्या कॉड माशासाठी.

मी उरण-पेणच्या बाजूचा. आमच्याकडे मीठ पिकतं ते होळीच्या आगेमागे सुरू होणाऱ्या कडक उन्हात, आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर आगराचं काम संपतं. इथला उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हा काढणीचा हंगाम. ऑगस्टमध्ये आमची आगरं पाण्याखाली असतात, तेव्हा इथे सकाळच्या उन्हात बांधावरून चालताना डोळे उघडे ठेवणं कठीण जात होतं, इतकं सगळं पांढरं.

लांबून वाटतं, समुद्राचं पाणी अडवायचं आणि ऊन सुकवील त्याची वाट पाहायची, एवढंच हे काम. खरं कसब आहे ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कधी सोडायचं हे ओळखण्यात. समुद्राला लागून मोठा तलाव असतो, त्याला ‘फ्रिद्दा’ म्हणतात, म्हणजे थंड. तिथून पाणी क्रमाक्रमाने उथळ आणि गरम वाफ्यांत जातं. आधीच्या वाफ्यांत जिप्सम तळाशी बसू द्यावं लागतं. तिथून पाणी घाईने पुढे सोडलं तर जिप्सम मिठात उतरतं. शेवटच्या वाफ्यांत मीठ धरू लागतं तोवर मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. बोमे मापाने त्याची घनता पंचविसाच्या वर जाते. आणि हे पाणी वाजवीपेक्षा जास्त वेळ ठेवलं तर मॅग्नेशियमचे क्षार बसायला लागतात, मीठ कडवट होतं. म्हणून ते पाणी वेळेवर काढून टाकायचं. चांगलं मीठ या दोन चुकांच्या मधल्या पट्टीत पिकतं.

घनता मोजायला हायड्रोमीटर आहे. तरी एका म्हाताऱ्या कामगाराने आधी वाफ्यात हात बुडवला, बोटं एकमेकांवर घासली, मग वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. हायड्रोमीटर त्याने नंतर सोडला, आकडा बघून मान हलवली आणि पुढच्या वाफ्याकडे गेला. त्या वाफ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा हा रंग.

काढणी चालली होती त्या वाफ्यात उतरायची परवानगी मिळाली. मिठाचा थर पायाखाली करकरत होता. फावड्याने तो फोडून माणसं वाफ्यातच छोटे ढीग लावत होती, ओळीने, सारख्या अंतरावर, म्हणजे अंगातलं पाणी निथळून जाईल. खालच्या मातीला फावडं लागू द्यायचं नाही, ही त्यातली मेख. एका तरुणाचं फावडं जरा खोल गेलं, काळसर चिखल वर आला. त्याने तेवढं मीठ हाताने वेचून बाजूला टाकलं, मगच पुढचा घाव घातला.

निथळलेलं मीठ बांधावर येतं आणि तिथे त्याच्या लांबच लांब राशी लागतात, दोन्ही बाजूंनी उतरत्या, घराच्या छपरासारख्या. शरदातला पाऊस येण्याआधी या राशींवर भाजलेल्या मातीची कौलं घालतात. ही अर्धगोल कौलं आपल्याकडच्या जुन्या नळीच्या कौलांच्या जवळची आहेत. एकेक हाताने बसवायचं. मीठ घर बांधून राहतंय असं ते दृश्य, आणि पाऊस मिठाचा केवढा शत्रू आहे हे आगरी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जागोजागी पवनचक्क्या उभ्या आहेत. सहा पात्यांच्या, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या. त्या आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी वर चढवत, काही मीठ दळत. आता बहुतेक काम विजेचे पंप करतात. नूबियातल्या मिठाच्या संग्रहालयात ही सगळी जुनी अवजारं पाहायला मिळतात.

एक गोष्ट मला तिथे फार महत्त्वाची वाटली. इटली एक झाल्यावर मीठ ही सरकारची मक्तेदारी झाली, ती विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत टिकली. सिसिली मात्र त्यातून वगळलेली होती, म्हणून त्रापानीत खासगी मिठागरं चालू राहिली. सरकारच्या कायद्यापायी स्वतःच्या किनाऱ्यावरचं मीठ उचलणंही गुन्हा कसा ठरतो, हे १९३० च्या शिरोड्याच्या सत्याग्रहाने आपल्याला शिकवलेलं आहे. मोकळ्या हाताने पिकवलेलं मीठ किती दूरवर जातं, ते त्रापानीत दिसतं.

१९९५ पासून हा भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे आणि त्याची देखभाल डब्ल्यूडब्ल्यूएफ करते. फ्लेमिंगो येतात ते वाफ्यांतल्या बारीक कोळंबीसाठी, आणि ती तिथे टिकते ती उघाड्या उघडून-मिटून माणसं पाण्याची पातळी सांभाळतात म्हणून. म्हणजे इथे मीठ पिकायचं थांबलं तर पाखरांचंही बिनसेल. त्यामुळे पक्षी राखायचे तर आगर चालतं ठेवायचं, असा हिशेब इथे मांडला गेला. मुंबईत मिठागरांच्या जमिनी घरांसाठी देण्याचे निर्णय होत असताना आपल्याकडे हा हिशेब कोणी मांडून पाहील का, हे मला मनापासून विचारावंसं वाटतं.