एक आंबा, पाच आंबे आणि संगणक

बालमित्रांनो, 'टोपलीत एक आंबे उरले' असं कुणी म्हणालं, तर आपल्या रत्नागिरीतलं शेंबडं पोरही हसेल. पण मोबाइलच्या पडद्यावर '१ नवीन सूचना आल्या आहेत' असं दिसलं, तर आपण मुकाट्यानं वाचून पुढे जातो. असं का बरं होतं?

संगणकाला वचन कळत नाही. प्रोग्राम लिहिणारा वाक्य आधीच लिहून ठेवतो आणि त्यात आकड्यापुरती जागा मोकळी सोडतो. आकडा आला की संगणक तो तिथे भरतो, बस्स! इंग्रजीत 'बुक'ला 'एस' चिकटवला की झालं 'बुक्स'. मराठीत असं करून पाहा बरं. आंब्याचे आंबे, होडीच्या होड्या, करवंदाची करवंदं. फणस मात्र एक असो की दहा, फणसच! पण गंमत अशी, की तिथे क्रियापद बदलतं. एक फणस उरला, दहा फणस उरले. म्हणजे नुसता शब्द बदलून भागत नाही.

मग उपाय काय? तुकडे जोडायचेच नाहीत. पूर्ण वाक्यं दोन लिहायची, एक एकासाठी, दुसरं अनेकांसाठी. आकडा पाहून संगणक त्यातलं योग्य ते निवडतो.

प्रत्येक भाषेला दोनच वाक्यं पुरतात असं मात्र समजू नका. जपानीला एकच पुरतं. रशियन भाषेत १, २१, ३१ यांना एक रूप, २ ते ४ ला दुसरं आणि ५ ते २० ला तिसरं. अरबीला तर चक्क सहा! आपल्या संस्कृतातही दोनासाठी वेगळं द्विवचन आहेच की. वेगवेगळ्या भाषांचे असे नियम युनिकोड या संस्थेनं एकत्र करून ठेवले आहेत.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो ज्या प्रणालीवर चालतो, तिचं नाव मीडियाविकी. तिच्यातल्या बटणांची, सूचनांची भाषांतरं ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. आकडा येतो तिथे ते 'प्लुरल' हा संकेत लिहितात आणि पुढे उभ्या रेघेनं वेगळी केलेली दोन रूपं देतात. बाकीचं काम संगणकाचं.

पालकहो, पडद्यावर रोज चुकीचं वाचलं, की मुलांना तेच बरोबर वाटू लागतं. परदेशातला प्रोग्राम लिहिणारा कितीही हुशार असला, तरी आंबा बदलतो आणि फणस बदलत नाही हे त्याला कसं कळणार? ते मराठी माणसानंच सांगायला हवं. वर्गात कंटाळवाणा वाटणारा 'वचन बदला' हा प्रश्न इथे असा उपयोगी पडतो!

आता वही घ्या. मासा, नारळ, होडी, केळं, सूचना या शब्दांची 'एक' आणि 'पाच' घालून दोन-दोन पूर्ण वाक्यं लिहा. कुठे शब्द बदलला, कुठे फक्त क्रियापद आणि कुठे दोन्ही, ते शोधा पाहू!