दहा बाय बाराच्या खोलीत रेल्वे

चिकोडी शहरात रेल्वे येत नाही. शहराचे नाव लावणारे चिकोडी रोड स्थानक मिरज-लोंढा मार्गावर रायबागच्या पुढे, गावापासून चांगलेच दूर आहे. निपाणीत तर तंबाखूची एवढी मोठी पेठ असूनही रुळाचा तुकडा नाही. गाडी पकडायची तर कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. अशा भागात कुणाला घरातच छोटी रेल्वे मांडावीशी वाटली तर आजूबाजूची उत्तरे ठरलेली असतात. त्याला हॉल लागतो. ते श्रीमंतांचे काम. एवढ्याशा बेडरूममध्ये काय मावणार? हे प्रश्न प्रामाणिक असतात, पण त्यांच्यामागचे बरेचसे समज मोजपट्टी लावली की टिकत नाहीत.

‘हॉल लागतो’ या समजाला एक चांगले कारण आहे. मराठी माणसाने पाहिलेली छोटी रेल्वे बहुधा पुण्यातली, कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयातली असते. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. आख्खे शहर, सिग्नल, डोंगर, रोपवे आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या पाहून बाहेर पडलेल्या मुलाला घरची खोली एकदम लहान वाटू लागते. पण तो खेळ अनेक प्रेक्षकांनी एका वेळी पाहावा म्हणून रचलेला आहे. घरातल्या रेल्वेला प्रेक्षक एक-दोनच असतात, आणि त्यांतला एक स्वतः गाडी चालवत असतो. त्यामुळे तिची आखणी वेगळी होते आणि जागेचा हिशेबही.

सर्वांत चिवट गोंधळ प्रमाण आणि गेज यांचा. ‘एचओ’ किंवा ‘एन’ ही रुळांची मापे आहेत असे अनेक जण धरून चालतात. वास्तविक ती प्रमाणे आहेत: एचओ म्हणजे मूळ वस्तूचा 87वा हिस्सा, एन म्हणजे 160वा. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. एचओच्या नेहमीच्या रुळांमध्ये ते 16.5 मिलिमीटर असते, एनच्या रुळांमध्ये 9. हे 16.5 आले युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवरून. भारताचे ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचे. ते एचओ प्रमाणात उतरवले तर 19.3 मिलिमीटर भरते. म्हणजे बाजारातल्या एचओ रुळांवर भारतीय इंजिन ठेवले की त्याच्या चाकांमधले अंतर जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी भरते. बहुतेक छांदिष्ट ही तडजोड उघड्या डोळ्यांनी करतात आणि त्यात काही गैर नाही. रूळ स्वतः घडवण्यापेक्षा तयार रूळ घेऊन गाड्या चालू करणे केव्हाही शहाणपणाचे.

हा फरक समजायला मिरजेइतके चांगले उदाहरण देशात क्वचितच सापडेल. मिरज जंक्शनवर एके काळी तीन गेज एकत्र नांदत होती. 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज आले. लोंढ्याकडे जाणारी लाइन, म्हणजे चिकोडी रोडची, 1990च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभ्या केलेल्या बार्शी लाइट रेल्वेची 762 मिलिमीटरची नॅरोगेज जात होती. आता सगळे ब्रॉडगेज झाले. पण प्रमाण 87वेच ठेवून ही तीन गेज मोजली तर 19.3, 11.5 आणि 8.8 मिलिमीटर येतात. शेवटचा आकडा महत्त्वाचा. तो एनच्या 9 मिलिमीटरच्या रुळाला जवळजवळ चिकटून बसतो. म्हणून एचओ आकाराची माणसे, घरे, झाडे ठेवून बार्शी लाइटसारखी गाडी एनच्या रुळांवर चालवता येते. युरोपातले छांदिष्ट या जोडणीला एचओई म्हणतात. तिथे त्यासाठीचे सामान तयार मिळते.

बेडरूमवाल्यांसाठी ही नुसती माहिती नाही, तो मार्गच आहे. कसा, ते वळणांचा हिशेब मांडला की कळते.

भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेजचे सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे साधारण 175 मीटर त्रिज्येचे असते. एचओत त्याची त्रिज्या दोन मीटर होते. पूर्ण वळसा घ्यायचा तर चार मीटर रुंद जागा पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीची लांब भिंतसुद्धा 3.66 मीटरचीच. मीटरगेजचे वळण 109 मीटरपर्यंत जाते, एचओत सव्वा मीटर. 762 मिलिमीटरच्या नॅरोगेजला मात्र 44 मीटरचे वळण चालते आणि त्याची एचओतली त्रिज्या जेमतेम 50 सेंटिमीटर भरते. म्हणजे या तिघांपैकी नॅरोगेजची गाडीच अशी, जी खऱ्या वळणासकट, काहीही न आखडता, बेडरूममध्ये ऐसपैस बसते. सीमाभागातल्या छांदिष्टाने राजधानी एक्स्प्रेसचा हट्ट सोडून कुर्डुवाडीकडे पाहावे, असे सुचवण्यामागे हे साधे गणित आहे.

ज्यांना ब्रॉडगेजच हवे त्यांना वळणे आखडावीच लागतात. जगभर सगळेच ती आखडतात. एचओच्या तयार संचात 18 इंची, म्हणजे 457 मिलिमीटर त्रिज्येचे वळण सर्रास येते, आणि ‘संचातल्या वळणावर कुठलाही डबा जातो’ हा पुढचा समज तिथून पसरतो. जातो हे खरे, पण बरा दिसत नाही आणि कधी कधी घसरतो. अनुभवातून ठरलेला एक ठोकताळा असा की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट तरी असावी. प्रवासी गाडीचा एलएचबी डबा 23.5 मीटरचा, म्हणजे एचओत 27 सेंटिमीटर. त्याला 81 सेंटिमीटर त्रिज्या पाहिजे. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण मात्र 10.7 मीटरची, एचओत 12.3 सेंटिमीटर, तिचे 37 सेंटिमीटरमध्ये भागते. तेव्हा तोच संच, तीच खोली, पण प्रवासी गाडीऐवजी मालगाडी घेतली तर वळणाचे भांडण मिटते. प्रवासी गाडीच हवी असेल तर एनमध्ये जावे. तिथे एलएचबी डबा 15 सेंटिमीटरच्या आत असतो आणि 45 सेंटिमीटरच्या वळणावर तो देखणा दिसतो.

गाडीच्या लांबीबद्दलही आग्रह सोडावा लागतो. 24 डब्यांची पूर्ण गाडी एचओत साडेसहा मीटर होते. डोळ्याला मात्र तेवढे डबे लागत नाहीत. इंजिन आणि चार डबे असले की गाडी गाडी वाटते. एचओत ती सव्वा मीटरच्या आसपास, एनमध्ये पाऊण मीटरच्या आत. अंतराचेही तेच. एचओत एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. दोन खरी स्थानके त्यांच्यामधल्या अंतरासह कुठल्याच घरात मावणार नाहीत, तेव्हा एक स्थानक नीट करावे आणि बाकीचे जग पडद्याआड ठेवावे.

आता जागेचा मुख्य प्रश्न. चार बाय आठ फुटांचे प्लायवुड आणून खोलीच्या मधोमध ठेवायचे आणि त्यावर अंडाकृती मार्ग टाकायचा, हा नवशिक्याचा पहिला विचार असतो. ती स्वस्त आणि सुटसुटीत युक्ती वाटते, पण बेडरूमसाठी हीच सर्वांत जागाखाऊ रचना आहे. माणसाचा हात टेबलावर आरामात पोचतो तो अडीच फूट. चार फुटांच्या मधल्या भागात गाडी घसरली तर तीन बाजूंनी फिरायला वाट ठेवावी लागते आणि 32 चौरस फुटांचे टेबल प्रत्यक्षात 70-80 चौरस फूट अडवते. पलंग कुठे ठेवायचा? एवढे करून 18 इंची वळणांच्या अंडाकृती मार्गाची लांबी भरते साधारण 18 फूट.

त्याऐवजी भिंतीलगत एक फूट रुंदीची फळी फिरवली तर त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, दोन फुटी वळणांसह, 36 फुटांहून जास्त मार्ग मिळतो. दुप्पट लांबी, वळणे मोठी, आणि खोलीचा मध्य मोकळा. फळी साडेचार फूट उंचीवर घेतली तर पलंग, अभ्यासाचे टेबल, बुटके कपाट तिच्याखाली जाते आणि गाडी डोळ्यांच्या पातळीवर येते. ही पातळी फार मोलाची. वरून पाहिलेली गाडी खेळणे दिसते, समोरून पाहिलेली गाडी स्थानकात शिरते. अडचण एकच, दार. तिथे उचलता येणारा पूल करावा किंवा तीन भिंतींवरच थांबावे. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकता येत नसतील तर सुताराकडून अडीच फुटी फ्लश डोअर आणावे. ते हलके असते, सहसा वाकत नाही आणि एनच्या पूर्ण वळणाला पुरते.

‘जितके रूळ जास्त तितकी मजा जास्त’ या समजाला इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांची इंगलनुक नावाची आखणी फक्त दोन सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या दोनच जागांची. तीन सायडिंग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढून पाच वाघिणी ठरवायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने त्यांची गाडी लावायची. शंटिंगसाठी सोडलेल्या रुळावर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात, त्यामुळे प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे 6,720 प्रकार होतात. बॉक्सएन वाघिणी धरल्या तर ही आखणी एचओत साडेपाच फुटांच्या आसपास, फूटभर रुंद फळीवर बसते. एनमध्ये ती पुस्तकांच्या कपाटावर ठेवता येते. कल्पनेला इथे पूर्ण वाव आहे. उगार खुर्दच्या साखर कारखान्यासारखा एखादा कारखाना मागे उभा करावा. किंवा निपाणीला रेल्वे आली असती तर तंबाखूच्या वखारींपाशी यार्ड कसे असते, ते मांडावे. जी लाइन झालीच नाही, तिच्यात चूक काढायला कुणी येत नाही.

लहान प्रमाण म्हणजे सोपे काम, असेही नाही. एनमधली चाके बारीक आणि वजन कमी, त्यामुळे रुळावरची धूळ आणि गादीचा कापूस त्या गाड्यांना आधी अडवतात. बेडरूममध्ये कापूस असणारच. वयोमानाने हात थरथरत असतील किंवा जवळचे दिसत नसेल तर एचओतली छोटी मालगाडी बरी. डोंगराचा मोहही असाच आवरावा लागतो. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर एचओत साधारण 75 मिलिमीटर उंची चढावी लागते. 100 सेंटिमीटरला 2 सेंटिमीटर या सौम्य चढाने त्याला पावणेचार मीटर लागतात, उतरायला तेवढेच. टेबलावरचा तो 18 फुटी मार्ग सगळा मिळून साडेपाच मीटर. म्हणजे पूल बसतच नाही. बोरघाटात खऱ्या रेल्वेचा चढ 37ला 1 आहे, आणि तिथे मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात.

विजेची भीती निराधार आहे. एचओ आणि एनच्या साध्या गाड्या रुळांतल्या 12 व्होल्ट डीसीवर चालतात. 230 व्होल्ट भिंतीतल्या प्लगपाशीच थांबतात. एक-दोन इंजिनांसाठी महागडी डिजिटल यंत्रणाही गरजेची नाही. खरी चूक आखणीत होते. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट तोंडाने परत यावी, असा फास अनेक जण कागदावर सहज काढतात. दोन रुळांच्या पद्धतीत तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि थेट शॉर्टसर्किट होते. असा फास हवाच असेल तर त्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून त्या तुकड्याला वेगळी जोडणी द्यावी लागते.

उन्हाळ्यात रूळ वाकले की दोष तापलेल्या धातूला दिला जातो. घरातल्या दहा मीटर रुळाची वाढ 20 अंशांच्या फरकाने तीन-चार मिलिमीटरच होते. त्याहून मोठा त्रास लाकडाचा. बेळगावकडच्या पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रुळांना सोबत ओढते. प्लायवुडच्या सर्व बाजू, कडांसकट, रंगवून घेतल्या आणि रुळांच्या जोडांत बारीक फट ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

देखाव्याचे सामान परदेशातूनच यावे लागते, हा समज तर या भागात टिकायलाच नको. दिवाळीत अंगणात शिवरायांचे किल्ले करणाऱ्या बेळगाव-चिकोडीच्या मुलांना पोत्यावर चिखल लिंपून कडा उभा करता येतो आणि रंगवलेल्या भुशाची हिरवळही जमते. खोलीतल्या रेल्वेसाठी फक्त दोन बदल करायचे. ओल्या मातीऐवजी कागदाचा लगदा किंवा प्लास्टर घ्यायचे, कारण ओल फळीत उतरते. आणि भुसा फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याने पक्का चिकटवायचा, म्हणजे तो इंजिनाच्या दात्यांत जात नाही. इमारती तर पुठ्ठ्याच्या उत्तम होतात. एचओत 19 मीटरची वखार 22 सेंटिमीटरची. मोबाइलवर काढलेला कौलांचा फोटो योग्य मापात छापून वर डकवला की छप्पर तयार.

खरेदीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो: आधी इंजिन, मग रूळ, मग जागेचा विचार. आधी खोलीचे माप घ्यावे. त्यात दार कुठे उघडते, खिडकीचा गज कुठे येतो, पंख्याचा आणि चार्जिंगचा प्लग कुठे आहे, कपाटाचे दार किती बाहेर येते, हे सगळे धरावे. एक्सट्रॅककॅडसारखी मोफत प्रणाली संगणकावर आखणी करून देते. तरी खात्री होते ती जमिनीवर. जुनी वर्तमानपत्रे फळीच्या मापाने कापून पसरावीत, दोरी आणि खडूने वळणे काढावीत, पाठकोऱ्या कागदाचे डबे कापून सायडिंगमध्ये ठेवून पाहावेत. सांध्याचे माप दुकानदाराकडून किंवा कंपनीच्या छापील नकाशावरून घ्यावे. अंदाजाने काढलेला सांधा नेहमी आखूड निघतो आणि पाचाच्या सायडिंगमध्ये चारच वाघिणी मावतात.