चिंगीचं हाडूक आणि अंगठ्याचं नख

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चिंगी लागते. चिंगी म्हणजे आमची साडेपाच किलोंची पांढरी कुत्री. सगळे तिला पॉमेरियन म्हणतात. खरं तर या नावानं आपल्याकडं घरोघरी असतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ. कुकरची शिट्टी झाली, खोबऱ्या-तिळाचं वाटण परतायला लागलं, की ती पुढचे पाय जुळवून बसते आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत हलत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाडातली गोष्ट. आबांनी ताटातलं मणक्याचं एक हाड तिच्यापुढं टाकलं. मी "आबा, नको" म्हणाले, पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता. "कुत्रं आहे ते. हाडूक न्हाई खाणार तर काय खाणार?" आबा म्हणाले. आमच्यात नळी आग्रहानं पाहुण्याच्या ताटात पडते. हाडूक देणं ही मायाच असते. चिंगीनं मात्र ते चावलं नाही, थेट गिळलं.

पाच-दहा मिनिटांत तिनं मान लांब केली. सारखी ओठ चाटायला लागली, घोट गिळायला लागली, लाळेच्या तारा सुटल्या. पाणी प्यायली की ते जसंच्या तसं बाहेर. आईनं भाताचा गोळा तुपात भिजवून भरवला, हाड खाली सरकेल म्हणून. भातही बाहेर आला. "रात्रीत उतरेल" असं एकमेकांना सांगत आम्ही सकाळपर्यंत थांबलो. आमची सगळ्यात मोठी चूक हीच होती.

सकाळी एक्स-रेत ते हाड दिसलं: तीन टोकांचं, सुपारीहून जरा मोठं, छातीत हृदयाच्या बरोबर वर. कुत्र्याच्या अन्ननलिकेत तीन अरुंद जागा असतात, एक मान संपून छाती सुरू होते तिथं, दुसरी हृदयाच्या वरच्या बाजूला, तिसरी पोटाच्या पडद्यापाशी. गिळलेली वस्तू अडकते ती बहुधा इथंच. अडकलेल्या जागी अन्ननलिका आवळत राहते, टोकं रुतत जातात आणि तासागणिक तिथलं अस्तर मरायला लागतं. डॉक्टरांनी आम्हाला त्याच सकाळी पुण्याला धाडलं. तिथं भूल देऊन दुर्बिणीनं ते हाड तोंडावाटे काढलं. अन्ननलिका फाटली नव्हती. पुढचे पंधरा दिवस चिंगी पातळ पेजेवर होती, आणि आबा तिच्याजवळ जमिनीवर बसून चमच्यानं पेज भरवत होते.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागं लागले. डॉक्टरांना विचारलं, वाचलं, दुकानांतल्या वस्तू हातात घेऊन पाहिल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चावणं-चघळणं ही कुत्र्याची खरी गरज आहे. ती हाडानंच भागते, ही मात्र आपली समजूत.

लहान तोंड, तेवढेच दात

जर्मन शेफर्ड असो की चिंगी, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दात ४२च. तेच ४२ दात चिंगीच्या इवल्याशा जबड्यात दाटीवाटीनं बसतात, फटींत अन्न साचतं आणि कीटण धरतं. म्हणून लहान जातींना हिरड्यांचे आजार लवकर गाठतात आणि चघळण्याचा फायदाही त्यांनाच जास्त होतो. पण दात मजबूत नसतात. माणसाच्या दातावरचं इनॅमल सगळ्यात जाड ठिकाणी अडीच मिलिमीटरपर्यंत असतं, कुत्र्याचं बहुतेक ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कडक वस्तू कुत्रं मागच्या बाजूनं, वरच्या मोठ्या दाढेखाली धरतं. मग त्या दाढेची बाहेरची कपची उडते आणि आतली नस उघडी पडते. कुत्रं ओरडत नाही, दुसऱ्या बाजूनं खात राहतं. त्यामुळं घरच्यांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

ताटातलं हाड

शिजवलेलं हाड देऊ नये, कोंबडीचं तर नाहीच. शिजताना हाडातला चिवटपणा जातो आणि ते चिरफळ्या होऊन फुटतं. मटणाचं हाड तर सत्तुरानं तोडलेलं, त्याला आधीच धार असते. नळीचा आडवा कापलेला तुकडा खालच्या जबड्यात बांगडीसारखा अडकतो, तो बहुधा भूल देऊन कापूनच काढावा लागतो. शिवाय रश्श्यातल्या हाडाला कांदा-लसूण लागलेला असतो आणि त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पाकीटबंद हाडांवरही डोळे झाकून विसंबू नये. भाजून किंवा धुरावून वाळवलेल्या अशा हाडांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडं नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात सुमारे ६८ तक्रारी आल्या. आजारी पडलेले कुत्रे होते सुमारे ९०, आणि त्यांतले १५ दगावल्याचं कळवलं गेलं.

"मग कच्चं द्यावं का?" कच्चं हाड कमी फुटतं, हे खरं. पण अडकायचं ते अडकतंच, दात तुटायचा तो तुटतोच, आणि सोबत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू घरात येतात. ऑस्ट्रेलियात कोंबडीची कच्ची मान कुत्र्यांना सर्रास घालतात. तिथल्या मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याचे मागचे पाय आधी लुळे पडतात आणि मग लुळेपण पुढं चढत जातं, अशा मज्जातंतूंच्या आजाराचा कच्च्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टरशी संबंध त्यांना आढळला. धोका लहान जातींच्या कुत्र्यांना अधिक दिसला. चिंगीच्या वजनाच्या कुत्र्याला हा जुगार कशाला?

दुकानातल्या वस्तू

गाठ मारलेलं जे पांढरं 'च्यू बोन' दुकानात टांगलेलं असतं, ते हाड नव्हेच. तो जनावराच्या कातड्याचा आतला थर, म्हणजे रॉहाइड. चुन्यानं केस काढून, धुऊन, वाळवून केलेला. भिजला की चिवट होतो, फुगतो. कुत्रं गाठ सोडवतं आणि मऊ झालेली लांब पट्टी गिळतं. मोठ्या कुत्र्याच्या आतड्यातून ती कदाचित जाईल, लहानाच्या आतड्यात गच्च बसते. आमच्या घरात रॉहाइड बंद आहे.

याकच्या दुधाचं म्हणून विकतात ते चीज म्हणजे छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडं माणसं ती गालात ठेवून तासन्‌तास चघळतात, दातानं फोडायला जात नाहीत. कुत्रं मात्र ती दाढेखालीच घेतं. जिन्नस चांगला, पण दगडासारखा कडक. द्यायचीच तर उरलेला तुकडा पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवावा. तो कुरकुरीत आणि हलका होतो, मग गार करून द्यावा. हरणाच्या शिंगाचे तुकडे आणि जनावरांचे खूर दाढ फोडणाऱ्या वस्तूंत अग्रभागी आहेत. शिवाय हरणाच्या शिंगांचा व्यापार आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

बुली स्टिक म्हणजे बैलाचं किंवा रेड्याचं वाळवलेलं लिंग. दाताला ती बरी, पण हिशेब बघावा लागतो. अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली अशा कांड्या तपासल्या, तेव्हा सहा इंची कांडीत सरासरी ८८ कॅलरी निघाल्या. साडेचार किलोंच्या कुत्र्याची ही दिवसाच्या गरजेच्या जवळपास ३० टक्के भरती. वरच्या खाऊचा वाटा दिवसाच्या १० टक्क्यांच्या आत राहावा, असं पशुवैद्य सांगतात. चिंगीला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला उरल्या ३५.

दातांसाठी म्हणून घ्यायचं असेल, तर पाकिटावर व्हीओएचसीची मोहोर बघावी. पशुवैद्यक दंतआरोग्याची ही परिषद १९९७ साली स्थापन झाली. कीटण खरोखर कमी होतं याच्या चाचण्या पाहूनच ती मोहोर देते. अशी वस्तू कुत्र्याच्या वजनाच्या गटानुसार मिळते. स्वस्त पडतं म्हणून मोठ्या गटाचं पाकीट आणून तुकडे करू नयेत. आणि कुठलीही कांडी दात घासण्याची जागा घेत नाही. मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट, हे रोजचं औषध.

घरात काय द्यावं

चिंगीचं आवडतं म्हणजे फ्रिजमधलं गार, जाड गाजर. मी ते एका टोकाला धरते, ती दुसरं कुरतडते. चकत्या करत नाही, त्या घशात बसतात. दुसरं, पोकळ रबरी खेळणं. त्यात बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात दाबून फ्रीझरमध्ये ठेवला, की ते चाटण्यात तिचा अर्धा तास जातो. दात येणाऱ्या पिल्लांच्या हिरड्यांनाही हा गारवा बरा वाटतो.

घरातल्या दोन वस्तू मात्र हाडाइतक्याच वाईट. मे महिन्यातली आंब्याची कोय आणि पावसाळ्यातला कणसाचा दाणे खाल्लेला दांडा. दोन्हींना गोड वास, दोन्ही सहज गिळल्या जातात, आतड्यात अडकतात आणि शेवटी पोट फाडून काढाव्या लागतात.

काहीही देण्याआधी मी चार गोष्टी बघते. अंगठ्याचं नख दाबल्यावर वस्तूवर खूण उठली पाहिजे. नाही उठली तर ती दातांसाठी फार कडक. वस्तू तोंडाहून लांब आणि रुंद हवी, अख्खी तोंडात जाता कामा नये. चघळून ती गिळण्याजोगी झाली, की काढून घ्यायची. तेही ओढून नव्हे, बदल्यात दुसरा घास देऊन, नाहीतर हिसकावलं जाईल या भीतीनं कुत्रं घाईनं गिळून टाकतं. आणि आपण समोर बसलेलं असावं. चपट्या नाकाच्या पग, शिझूसारख्या कुत्र्यांना तर धाप लागत असते, त्यांच्याकडं दुप्पट लक्ष हवं.

एवढं करूनही काही अडकलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. टोकदार हाड परत येताना आणखी फाडतं, आणि मीठ स्वतःच विषारी ठरतं. भात, केळं, तूप काही भरवू नये. लाळ, उमासे, ताणलेली मान, प्यायलेलं पाणी लगेच बाहेर, यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर गाठावा.

"रस्त्यावरची कुत्री खातात की हाडं, त्यांना काय होतं?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. जी जगतात ती आपल्याला चौकात दिसतात. अडकलेलं कुत्रं खाणं-पिणं सोडून कुठल्यातरी गाडीखाली जाऊन पडतं. त्याचा एक्स-रे कोणी काढत नाही. म्हणून आमच्या घरची हाडं आता गटारीच्या रात्रीही कोपऱ्यावर टाकली जात नाहीत. झाकणाच्या डब्यात जातात आणि गाठ मारून कचरागाडीत.

रविवारी चिंगी अजूनही उंबऱ्यावर बसते. मटण शिजताना आई दोन मऊ, बिनहाडाचे तुकडे मीठ-मसाल्याआधी बाजूला काढते, ते तिचे. मागच्या महिन्यात आबा माझ्याबरोबर दुकानात आले होते. एक कांडी उचलून त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला, खूण बघितली आणि कांडी माझ्या हातात दिली. आयुष्यभर उसाच्या फडात राबलेला माणूस. म्हणाले, "माझं नख राठ आहे, ते कशातबी रुतंल. तू बघ दाबून."