विश्लेषण : आंबा पिकवणारा वायू कोणता, हे कसे ओळखतात?

आंब्याच्या हंगामात पुण्याच्या मार्केट यार्डात कच्च्या हापूसच्या पेट्या उतरतात. फळे पिकवण्यासाठी १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायूला परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. ओलावा लागताच कार्बाइडमधून ॲसिटिलीन वायू निघतो आणि त्यासोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे घातक अंशही येऊ शकतात.

दोन्ही वायूंत फरक काय?

इथिलीनचे सहा अणू एका प्रतलात असतात, ॲसिटिलीनचे चार एका सरळ रेषेत. इलेक्ट्रॉन विवर्तनाने दोन कार्बनमधले अंतर मोजता येते : इथिलीनमध्ये सुमारे १.३४ अँगस्ट्रॉम, ॲसिटिलीनमध्ये १.२०.

सममिती कुठे येते?

दोन्ही रेणू मध्यबिंदूभोवती सममित आहेत. त्यामुळे कार्बन-कार्बन बंध ताणला गेला तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही. हे कंपन अवरक्त किरण शोषत नाही. ते दिसते रामन वर्णपटात : इथिलीनचे १६२३, ॲसिटिलीनचे १९७४ प्रति सेंटिमीटरजवळ. अवरक्त वर्णपटात हायड्रोजनच्या हालचालींच्या ठळक खुणा मिळतात, अनुक्रमे ९४९ आणि ७३० जवळ.

ग्राहकाला उपयोग काय?

सालीचा पिवळा रंग पाहून वायू ओळखता येत नाही, वर्णपटातून येतो. मात्र वायू उडून गेल्यावर ही खूण उरत नाही. म्हणून फळे पिकत असतानाच खोलीतील हवा तपासायला हवी.