गारठा, गाडी आणि बोटं

थंडीत मोटरसायकलवरचा माणूस काकडतो तो गारठ्याने कमी आणि वाऱ्याने जास्त. मी निफाड तालुक्यात जनावरांवर उपचार करतो. गाय कधी विईल याला वेळकाळ नसतो. डिसेंबर-जानेवारीतही पहाटे फोन येतो, ‘गाय अडलीय, लगेच या’, की गाडी काढायची. थंडीच्या लाटेत आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली उतरतो आणि निफाडचं नाव राज्यभरच्या बातम्यांत येतं. त्या पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर दिसतो, कारण गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. बागेसाठी रात्र जागवणारी हीच माणसं एका स्वेटरवर दूध घालायला निघतात, तेव्हा जीव तुटतो.

आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेने तापलेल्या हवेचा पातळ थर असतो. उभ्या माणसाचा तो बराचसा टिकतो. गाडीवर मात्र वारा तो सतत ओरबाडून नेतो आणि शरीर पुन्हा पुन्हा नवी हवा तापवत राहतं. हा परिणाम मोजायचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात आहे. त्याप्रमाणे हवा ५ अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला उणे २ अंशांइतका गारठा जाणवतो. वेग ४० वर आणला तरी आकडा उणे १ च्या जवळपासच राहतो. धुक्यात गाडी हळूच चालवायची, पण तेवढ्याने ऊब मिळत नाही. वारा अंगाला लागूच द्यायचा नाही, हाच खरा उपाय. त्यात थंड हवा जड असते, रात्री ती सखल भागात उतरून साचते. सायखेड्याला गोदावरीच्या पुलाकडे उतरताना गारठा एकदम वाढतो, तो त्यामुळेच. वस्तीवरून निघताना बरं वाटलं म्हणून जर्किनची चेन उघडी ठेवून निघू नये.

सगळ्यात आधी जातात ती बोटं. धड गार पडू लागलं की शरीर हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. छातीपोटातली ऊब राखायची तर बोटांचं रक्त कमी होतं. म्हणजे हात गरम ठेवायचे तर छातीही झाकलेली हवी. दुसरी गोष्ट, बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधे असतात, तिथून ते कंडरांनी बोटं ओढतात. बाहीतून वारा शिरून हा भाग गारठला की नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही, मूठ सावकाशच वळते. ब्रेकला लागणारा तो अर्धा क्षण समोर ट्रॉली उभी असेल तर फार महाग पडतो.

माझ्या कामात तर बोटांवाचून काहीच होत नाही. वासरू आडवं आलेलं असतं, डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला एक पाय लागतो. पुढचा की मागचा? खुराकडून वर चाचपत जायचं. पहिले दोन सांधे एकाच दिशेला वळत असतील तर पुढचा, उलटसुलट वळत असतील तर मागचा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. सुन्न बोटांना हा फरक कळत नाही. म्हणून रस्त्यावर हात जपणं माझ्या लेखी उपचाराचाच भाग आहे.

महागड्या कपड्यांची गरज नसते. आत अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला रेनकोट इथे कामाला येतो. लोकर कितीही जाड असली तरी वारा तिच्या विणीतून आरपार जातो. वर रेनकोट आला की तीच लोकर ऊब धरते. घामाने भिजलेला सुती बनियन मात्र बदलूनच निघावं, ओलं सूत अंगातली ऊब शोषत राहतं. काहीच नसेल तर जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या सरकवाव्यात. टूर द फ्रान्समधले सायकलस्वार घाट उतरताना हेच करत आले आहेत.

हातमोजे घट्ट नकोत, घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही. दोन्ही मुठींवरून चढवायची जाड आवरणं मिळतात, ती मला हातमोज्यांपेक्षाही उपयोगी वाटतात. पण वेगात वाऱ्याने ती मागे दबून ब्रेकचा दांडा दाबला जात नाही ना, हे आधी रिकाम्या रस्त्यावर बघून घ्यावं. हेल्मेटखाली जाड कानटोपी घातली की हेल्मेट नीट बसत नाही. पातळ, मानेपर्यंत येणारी टोपी घ्यावी. मफलरची टोकं जर्किनच्या आत खोचावीत. लोंबतं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो.

निघण्याआधी ‘ऊब यावी म्हणून’ दारूचा घोट घेणारेही भेटतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. नशेत गाडी चालवण्याचा धोका वेगळाच.

दूध घालणाऱ्या पोरांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. हुडहुडी भरली की थांबा. कुडकुडणं म्हणजे स्नायू हलवून शरीर ऊब तयार करत असतं. गारठा तसाच असताना कुडकुडणं बंद झालं, जीभ जड झाली, वळणं लक्षात येईनाशी झाली, तर शरीर हरत चाललंय. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवावर बेतू शकतं. अशा वेळी जवळच्या वस्तीचं दार ठोठावावं, ओले कपडे काढून घोंगडीत बसावं आणि नीट गिळता येत असेल तर गरम, गोड चहा घ्यावा. शुद्ध हरपत असेल तर लगेच १०८ ला फोन लावावा. सुन्न हात थेट शेकोटीवर धरू नयेत. चटका बसलेला कळत नाही आणि कातडी भाजते. काखेत धरावेत, नाहीतर कोमट पाण्यात. पाणी कोमट आहे की कढत, हे दुसऱ्या कुणालातरी हात घालून बघायला सांगावं.